सरांचं वजन

"पण आत्या, सरांना वजन कसं विचारायचं?"

भाचीने असं विचारलं आणि मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. एप्रिलची दुपार होती, दोनचा सुमार. कराडपासून आठ-दहा किलोमीटरवर आमचं गाव. ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही दोघी बसलो होतो. कारखान्यांचा हंगाम संपला होता, रस्त्यावर उसाची एकही गाडी नव्हती, वारा पडलेला. चुलतभावाची ही लेक गेल्या वर्षापासून विमान चालवायला शिकते आहे. वीसेक तास उड्डाण झालंय तिचं. त्याच वाटेने मी तिच्या कितीतरी आधी गेले आणि आता विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून सुट्टीला घरी आली की ती वही घेऊन माझ्याकडे येते.

त्या दिवशी तिने लोड शीट आणली होती. उड्डाणाआधी विद्यार्थ्याने भरायचा कागद. विमानाचं रिकामं वजन, माणसं, पेट्रोल, सामान, प्रत्येकाचं अंतर, गुणाकार, बेरीज, आणि शेवटी उत्तर. आकडेमोड स्वच्छ होती. गुणाकार मी तपासले, एकही चुकला नव्हता. स्वतःचं वजन तिने ६८ किलो लिहिलं होतं, हेडसेट आणि पुस्तकांची बॅग ६ किलो. शेजारच्या सीटच्या रकान्यात, म्हणजे सरांच्या, ७० किलो.

"सत्तर कुठून आलं?"

"अंदाजे. सगळे तेवढंच टाकतात."

"बारीक आहेत का सर?"

"नाही गं आत्या. चांगले धिप्पाड आहेत."

आणि मग तो प्रश्न. तिच्या चेहऱ्यावरचा संकोच मला इतका ओळखीचा होता की उत्तर द्यायला मी वेळ घेतला. आपल्याकडे मोठ्या माणसाला वजन विचारत नाहीत. गुरूला तर नाहीच. ज्या माणसाला वाकून नमस्कार करायचा, त्याला "सर, तुम्ही किती किलोचे?" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तोंडच उघडत नाही. मग हात आपोआप एक सभ्य आकडा लिहितो.

तिला उत्तर देण्याआधी मी तिला आबांची गाडी सांगितली.

आबा म्हणजे माझे आजोबा, बैलगाडीने कारखान्याला ऊस घालायचे. सात-आठ वर्षांची असताना मी गाडी भरताना बघायला फडात जायचे. तोडणीवाले मोळ्या आणून देत आणि आबा रचत. कुठली मोळी पुढे सरकवायची, कुठली मागे ओढायची, हे त्यांचं त्यांनाच कळायचं. गाडी भरली की बैल जुंपण्याआधी ते एक गोष्ट न चुकता करत. पुढे येऊन जुवाखाली दोन्ही हात घालत आणि गाडीचं तोंड वीतभर उचलून बघत. दीड-दोन टनांची गाडी, पण नीट भरली असली तर एका माणसाला तेवढी उचलायची. उचलून धरून ते क्षणभर थांबत, मान किंचित कलती करून, एखादी बारीक गोष्ट ऐकू येतेय का अशा चेहऱ्याने. मग खाली ठेवत आणि वर चढून चार मोळ्या हलवत. पुन्हा खाली, पुन्हा जुवाखाली हात.

"मागं जड झाली तर गाडी उलाळती, पोरी," ते सांगायचे. "जू वर जातंय, बैलाच्या गळ्याला फास बसतोय. म्होरं जड झाली तर सगळं वझं बैलाच्या खांद्यावर. मग त्यो चालत न्हाई, बसतोय खाली."

गाडीवर परत येताना माणसं बसायची, त्यांनाही आबा सोडत नसत. कुणाला पुढे सरकवायचे, कुणाला मागे बोलवायचे. गावची वजनदार मंडळीही मुकाट्याने सरकायची, कारण बैल आबांचे होते आणि मान बैलाची होती. त्यात कुणाला अपमान वाटल्याचं मला आठवत नाही.

विमानाचं गणित हेच आहे. बैलगाडीला आख असतो, त्याच्या पुढे किती आणि मागे किती, हा सगळा प्रश्न. विमानात अंतर मोजायला एक ठरलेली रेघ धरतात, तिला डॅटम म्हणतात. सेस्ना १५२ या दोन सीटच्या शिकाऊ विमानात इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, फायरवॉल. तिच्या पुढच्या बाजूपासून सगळं मोजायचं. तिथून सीटवरचा माणूस साधारण ३९ इंचांवर, पंखांतलं पेट्रोल ४२ इंचांवर, सीटमागची सामानाची जागा ६४ इंचांवर. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणायचं, की मोमेंट मिळतो. सगळ्या मोमेंटच्या बेरजेला सगळ्या वजनाच्या बेरजेने भागायचं, की सीजी मिळतो, विमान जिथे बोटावर तोललं जाईल ती जागा. शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे यात काही नाही.

या विमानाला उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त १६७० पौंड वजन चालतं, आणि त्या वजनाला सीजी ३२.६५ ते ३६.५ इंचांच्या मध्येच हवा. चार इंचही नाहीत. सव्वासात मीटर लांबीचं विमान, आणि त्याचा सगळा समतोल तळहाताएवढ्या रुंदीत राहायला हवा.

तो पुढे गेला तर नाक जड होतं. विमानाची शेपूट उडताना खाली दाबत असते, हे बहुतेकांना उलटं वाटतं, पण ती दाबते म्हणूनच नाक वर राहतं. नाक जड झालं की शेपटीला जास्त दाबावं लागतं आणि तो दाबही पंखांनाच उचलावा लागतो. म्हणून विमान जास्त वेगालाच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटते, आणि उतरताना शेवटच्या क्षणी नाक उचलायला कंट्रोल पुरत नाही. सीजी मागे गेला तर त्याहून वाईट. सुरुवातीला छान वाटतं, कंट्रोल हलके लागतात, विमान हाताला मऊ येतं. पण स्टॉल झाला की जे नाक आपणहून खाली जायला हवं ते जात नाही, आणि गिरकी सुरू झाली तर ती मोडणं अवघड होऊन बसतं. आबांच्या गाडीचं जू वर जायचं, तसंच हे. मी वर्गात मराठी मुलं असली की 'सीजी मागे गेला' असं म्हणत नाही. 'विमान उलाळलं' म्हणते. शेतकऱ्याच्या घरातलं पोर असेल तर त्याच्या डोळ्यांत लगेच दिसतं की कळलं.

भाचीच्या कागदावर मी दोनदा हिशेब मांडला. तिच्या विमानाचं रिकामं वजन ११८० पौंड. पेट्रोलच्या टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येण्याजोगं २४.५ गॅलन, एका गॅलनला ६ पौंड धरून १४७ पौंड. दोन माणसं, ६८ आणि ७० किलो मिळून ३०४ पौंड. बॅग १३ पौंड. बेरीज १६४४, सीजी सुमारे ३३.१ इंच. सगळं मर्यादेत, वर २६ पौंड शिल्लक.

"आता सर ९१ किलोचे आहेत असं समज," मी म्हटलं.

तिने खोडरबराने ७० पुसलं. माणसं ३५१ पौंड. बेरीज १६९१. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाताना जळणारं पाचेक पौंड पेट्रोल वजा केलं तरी १६८६. मर्यादेच्या १६ पौंड वर. सीजी मात्र ३३.३, निवांत मर्यादेत. या विमानात मागे उलाळायच्या आधी वजनच हद्द ओलांडतं. चार सीटच्या विमानात मागे दोन माणसं आणि त्यांच्यामागे सामान घातलं की चित्र वेगळं असतं. तिथे कधी कधी वजन बसतं पण समतोल बसत नाही.

"सोळा पौंड म्हणजे सात किलो," ती म्हणाली. "सात किलोने काय होतंय?"

हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. मीही विचारला होता, मनातल्या मनात, आणि माझं उत्तर मीच दिलं होतं: काही होत नाही.

मी मध्य भारतातल्या एका धावपट्टीवर शिकले. तिथे माझे एक सर होते, उंच, रुंद खांद्यांचे, पन्नाशीतले. त्यांचं वजन मी पहिल्या दिवशी ७५ लिहिलं. कुणाला न विचारता. मग रोज तेच. जवळजवळ वर्षभर माझ्या प्रत्येक लोड शीटवर सर ७५ किलोचे होते. पुढे पुढे मी कागद भरतच नव्हते, आदल्या दिवशीचा बघून उतरवत होते. तारीख तेवढी बदलत होते.

मे महिन्यातला एक दिवस. सकाळचं उड्डाण काही कारणाने लांबलं आणि दुपारी तीनला आमचा नंबर आला. तापमान ४२. टाक्या पूर्ण भरलेल्या, कारण सकाळीच भरून ठेवल्या होत्या. कागद सकाळचाच, २८ अंशांचा. सरांच्या पुढच्या विद्यार्थ्यांची रांग लागली होती, म्हणून जवळच्या टोकाकडून निघायचं ठरलं. वाऱ्याची पिशवी आमच्या पाठीकडून किंचित फुगली होती, चारेक नॉट, म्हणजे ताशी सातेक किलोमीटर. मी पाहिली. एवढ्याने काय, असं मला वाटलं.

पूर्ण थ्रॉटल दिला. इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच होता. आवाज नेहमीसारखाच असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी ज्या जागी चाकं सुटायची ती जागा मागे गेली. पांढरे पट्टे चाकांखालून जात राहिले. वेगाचा काटा चढत होता, पण दमून चढल्यासारखा. मी कंट्रोल मागे ओढला, विमान उचललं, आणि तिथेच तरंगत राहिलं. धावपट्टीच्या पलीकडे कुंपण होतं, कुंपणापलीकडे कडुलिंबाची रांग. त्या कडुलिंबांची पानं मला सुटी सुटी दिसली. मी आणखी ओढणार होते. त्या क्षणी शरीराला तेच सुचतं. सरांनी फक्त म्हटलं, "आय हॅव," म्हणजे कंट्रोल आता माझ्याकडे, आणि नाक खाली घातलं. झाडांच्या दिशेने, खाली. मला वाटलं संपलं. विमानाने वेग घेतला, मग हळूहळू चढलं. झाडं खालून गेली.

उतरल्यावर सरांनी कागद मागितला. उभ्या उभ्या वाचला. त्यांचं बोट ७५वर येऊन थांबलं. मला वाटलं आता ओरडतील. ते काही बोलले नाहीत. हँगरच्या बाजूच्या खोलीत सुटे भाग तोलायचा वजनकाटा होता, तिकडे चालायला लागले, मी मागून. बूट, खिशातला फोन, हातातला हेडसेट, सगळ्यासकट ते काट्यावर चढले आणि आकडा मोठ्याने वाचला, शेजारच्या मेकॅनिकला ऐकू जाईल असा.

"त्र्याण्णव. लिही."

मी लिहिलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून ते उड्डाण पुन्हा मांडलं. १८ किलो म्हणजे ४० पौंड, एवढ्या विमानाला अडीच टक्के वजन. वजन जितके टक्के वाढतं त्याच्या साधारण दुप्पट टक्क्यांनी उड्डाणाचं अंतर वाढतं, म्हणजे पाच टक्के. तापमान १४ अंशांनी वाढलं, त्याचे दहाएक टक्के. आणि पाठीमागचा वारा: विमानाच्या हँडबुकमध्ये स्वच्छ लिहिलंय, मागून येणाऱ्या प्रत्येक २ नॉटला १० टक्के. चार नॉटचे वीस. मी सगळ्यांची बेरीज करत होते. सर म्हणाले, "बेरीज नाही बेटा, गुणाकार." १.०५ गुणिले १.१० गुणिले १.२०. जवळजवळ १.३९. एकेकटं बघितलं तर कशातच काही नव्हतं. अठरा किलोने काय होतंय, चार नॉटने काय होतंय, एका दुपारने काय होतंय. प्रत्येकाने दुसऱ्याला गुणलं, आणि अंतर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढलं.

हँडबुकातले आकडे नव्या विमानाचे, नव्या इंजिनाचे, तयारीच्या वैमानिकाने सपाट, कोरड्या, पक्क्या धावपट्टीवर काढलेले असतात. आपलं विमान हजारो तास उडालेलं असतं आणि कंट्रोलवर शिकाऊ हात असतो. ब्रिटनची नागरी विमान वाहतूक संस्था लहान विमानांसाठी उड्डाणाच्या आकड्याला १.३३ने आणि उतरण्याच्या आकड्याला १.४३ने गुणायची शिफारस करते. मी विद्यार्थ्यांना ही सवय लावते, आणि हे आकडे वाढवून सांगितलेले आहेत असं कुणी म्हटलं तर मला मनापासून राग येतो. त्या मेमध्ये आमच्याकडे धावपट्टी शिल्लक होती म्हणून मी आज हे लिहिते आहे.

अंदाजाच्या वजनाने माणसं गेली आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्टचं १९ सीटचं बीचक्राफ्ट १९०० निघालं आणि चाकं सुटल्या सुटल्या त्याचं नाक वर जायला लागलं. वैमानिकांनी सगळी ताकद लावून ते दाबायचा प्रयत्न केला. दोन दिवसांपूर्वी शेपटीच्या एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या फळीच्या, तारा चुकीच्या जुळवल्या गेल्या होत्या, त्यामुळे नाक खाली घालायला जेवढी हालचाल लागते तेवढी उरलीच नव्हती. आणि विमान मागे जड होतं. कागदावर ते मर्यादेत होतं, कारण कागदावर प्रवाशांचं वजन ठरलेल्या सरासरीने धरलं होतं. खरी माणसं त्या सरासरीहून जड होती. विमान उलाळलं आणि हँगरवर आदळलं. एकवीसच्या एकवीस जण गेले. नंतर तिथल्या सरकारी यंत्रणेने प्रवाशांची खरी वजनं करून बघायला लावली आणि सरासरीचे आकडे वाढवले.

पावणेदोनशे प्रवाशांच्या विमानात सरासरी चालते. एक जड असतो, एक हलका असतो, जुळून जातं. दोन माणसांच्या विमानात सरासरी कुणाची काढायची?

आई आतून ताक घेऊन आली. भाचीने फोनवर कराडचं तापमान बघितलं. ३९. "इथलं करूया का?" ती म्हणाली. म्हणजे कराडच्या धावपट्टीचं. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५च्या सुमारास बांधलेली ही धावपट्टी. तिच्यावरून उठणारी छोटी विमानं मी लहानपणी शेतातून बघितली आहेत. तो पांढरा ठिपका आगाशिवच्या डोंगरावर चढताना बघूनच माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं.

धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर. हँडबुकातली प्रमाण हवा म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश, आणि दर हजार फुटांना २ अंश कमी. त्या हिशेबाने कराडला आत्ता ११ अंश असायला हवेत. आहेत ३९. अठ्ठावीस अंश जास्त. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरायचे: ३३६०. एप्रिलच्या दुपारी हवेचा दाबही प्रमाणापेक्षा थोडा कमी असतो, त्याचे दीडशे फूट धरू. १९००, १५० आणि ३३६०. भाचीने बेरीज केली: ५४१०.

"कळसूबाई किती उंच गं?" मी विचारलं.

तिने शोधलं. १६४६ मीटर. फुटांत केलं तर ५४००.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे आत्ता आपण कळसूबाईवर बसलोय?"

विमानाच्या लेखी, हो. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. तापलेली हवा फुगते, विरळ होते, आणि विमान उंचीचा आकडा वाचत नाही, त्याला हवेची दाटीच कळते. इंजिन श्वास घेतं तो विरळ हवेचा, म्हणून ११० अश्वशक्तीतली सगळी मिळत नाही. प्रोपेलर त्याच विरळ हवेला रेटतो. पंखालाही तीच मिळते, म्हणून उचलायला जमिनीवरून जास्त वेगाने धावावं लागतं. फसगत अशी की वेगाचा काटाही त्याच हवेवर चालतो, त्यामुळे तो नेहमीचाच आकडा दाखवतो. काटा नेहमीचा, आवाज नेहमीचा. धावपट्टी मात्र लवकर संपते.

तक्ता उघडला. पूर्ण वजनाचं हे विमान समुद्रसपाटीला २० अंशांत सुमारे साडेसातशे फूट धावून उचलतं. २००० फूट उंचीवर ४० अंशांत त्याला सुमारे साडेदहाशे फूट लागतात. चढण्याचा वेग मिनिटाला ७०० फुटांवरून साडेपाचशेच्याही खाली येतो. कराडची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे, ती पुरते. माझं लक्ष होतं चढाईवर. थंड हवेत समुद्रसपाटीला हजार फूट चढेपर्यंत विमान तीन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. इथे दुपारी दोनला त्याच हजार फुटांसाठी चार किलोमीटर लागतात, तेही इंजिन नवं असेल तर. एक किलोमीटरचा फरक, आणि आजूबाजूला आगाशिव, वसंतगड, त्यांच्या सोंडा.

"आणि सकाळी?"

सकाळी सातला २३ अंश धरले तर उत्तर येतं साधारण ३४०० फूट. साताऱ्याचा अजिंक्यतारा जवळपास तेवढाच आहे. तीच धावपट्टी, तेच विमान. सकाळी अजिंक्यतारा, दुपारी कळसूबाई. तिने हे वहीच्या समासात लिहून घेतलं, दोन छोटे डोंगर काढून.

मापांबद्दल मी तिला थोडक्यात सांगितलं, पण ते महत्त्वाचं आहे. या एका कागदावर माणूस किलोत येतो, पेट्रोल टँकरमधून लिटरमध्ये येतं, हँडबुक पौंड आणि गॅलनमध्ये बोलतं, धावपट्टी मीटरमध्ये, उंची फुटांत, वारा नॉटमध्ये. आबांनाही हे होतं. त्यांचं डोकं मणात चालायचं आणि कारखान्याची पावती टनात यायची. ते पावती घरी आणून मणात करून बघत, आणि जुळेपर्यंत जेवत नसत. २३ जुलै १९८३ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७मध्ये २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरचे किलो करताना पौंडांचा आकडा वापरला गेला आणि भरलं गेलं २२,३०० पौंड, निम्म्याहूनही कमी. वाटेत हवेतच इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते विमान तरंगत नेऊन गिमली नावाच्या गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. तो गुणाकार बरोबरच केला होता. चुकीच्या आकड्याचा केला होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा तिने वही मिटली. "ॲपमध्ये टाकलं की हे सगळं दोन सेकंदांत येतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती, ती विचार करत होती. "पण ॲपलाही सरांचं वजन मीच सांगणार."

मी म्हटलं, "विचार. एकदाच अवघड जातं. 'सर, लोड शीटसाठी आजचं वजन सांगता का,' एवढंच. आणि आधी स्वतःचं सांग."

मी हेच करते. नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी त्याच्यासमोर काट्यावर चढते आणि आकडा वाचते. मग त्याला चढायला लावते. मुलींना यात विशेष जड जातं, मला ठाऊक आहे, म्हणून मी आधी चढते. त्र्याण्णव, लिही, हे शब्द मी सरांकडून घेतले. ते आता निवृत्त झालेत. मागे एकदा फोन केला होता, तेव्हा शेवटी त्यांनी विचारलं, "अजून लिहून घेतेस ना?"

भाची दोन दिवसांनी परत गेली. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी तिचा मेसेज आला, फोटो. लोड शीट, पेन्सिलीने भरलेली. सरांच्या रकान्यातलं ७० खोडलेलं, वर ९१. पेट्रोलचं २४.५ खोडलेलं, वर २१. बेरीज बरोबर १६७०, टॅक्सीचे, म्हणजे धावपट्टीच्या टोकापर्यंत जाण्यातले, पाच वजा करून १६६५. तापमानाच्या जागी आदल्या दिवशीचं नाही, त्या सकाळचं, २५. वेळ दुपारी दोनची होती, ती खोडून ७.३०. खाली सरांची सही, आणि सहीशेजारी त्यांच्याच अक्षरात आणखी एक आकडा, तिने लिहिलेल्या ९१वर काट मारून: ९२.५.

"बुटांसकट, असं म्हणाले," तिने खाली लिहिलं होतं. "त्यामुळे पेट्रोल अजून थोडं कमी करतेय. मग निघतो."